मग तर बसाच

"गाडी येते का?"

"नाही."

"न्हाई? मग तर बसाच!"

एवढं बोलून काका चावी फेकायचे. हातात देणं त्यांना माहीतच नव्हतं. झेलली तर झेलली, नाही तर समोरचा माणूस खाली वाकून चावी शोधेपर्यंत हे गाडीचं दार उघडून उभे. ज्याला गाडी चालवता यायची, त्याची मात्र त्यांना फारशी किंमत नसे. "येते ना? मग आना फिरवून," म्हणायचे आणि पुन्हा चहाच्या कपात तोंड घालायचे.

हिंगोलीहून कळमनुरीकडे निघालात की रस्त्याच्या कडेला त्यांचं पत्र्याचं शेड होतं. तुम्ही त्या रस्त्यानं गेला असाल तर पाहिलंही असेल. पुढं विकायला मांडलेल्या सात-आठ जुन्या लहान गाड्या, आणि मध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीत पांढरा सदरा, खाकी पँट घातलेले काका. तीस वर्षं त्यांनी सरकारी बस चालवली होती, त्यातली कितीतरी हिंगोली ते साखरा याच फेरीवर. नोकरी सुटली, पण खाकी पँट काही सुटली नाही.

मी साखऱ्याच्या शाळेत मास्तरीण. राहायला हिंगोलीत. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी माझ्या डोक्यात गाडी घ्यायचं खूळ शिरलं. नवरा म्हणाला, "तू? आणि गाडी?" त्यानं एवढं म्हटलं नसतं तर कदाचित मी गेलेही नसते. दुसऱ्याच दिवशी जाऊन शेडसमोर उभी राहिले.

माझ्या आधी एक कुटुंब आलेलं होतं. काका त्यांच्याशी बोलत होते, आणि काकांचं गिऱ्हाइकाशी बोलणं म्हणजे फुकटचा तमाशा. हळदीचा हंगाम झाला की लहान गाडीला अशी मागणी यायची की विचारू नका. पण मागणी कशी? गाडी लहान पाहिजे, कारण घराचा बोळ अरुंद आणि रात्री ती गोठ्याशेजारी मावली पाहिजे. आणि बसली पाहिजेत सात माणसं. शिवाय डिक्कीत हळदीचे दोन कट्टे, म्हणजे पोती. त्यासाठी काकांनी भुसा भरलेले दोन कट्टे शेडमध्ये कायमचे ठेवले होते. गिऱ्हाईक इंजिन बघायचं नाही, आधी ते कट्टे डिक्कीत कोंबून बघायचं.

"भायेरून लहान, आतून मोठी," काका त्या कुटुंबाला म्हणाले, "दादा, तुमाला गाडी न्हाई, बस पायजे. ती तर मी सरकारला वापस देऊन आलो."

मग माझा नंबर आला. चावी अंगावर आली, मी झेलली, आणि पाचव्या मिनिटाला ते दोन्ही कट्टे माझ्या चाकाखाली होते. भुसा उधळला. मी रडकुंडीला आलेली, आणि काका डाव्या सीटवर टाळ्या पिटत होते. "वा, बाई, वा! भुसाच व्हता. हळद आसती तर मी बी रडलो आसतो."

तीन महिन्यांत त्यांनी मला गाडी शिकवली. पण हे सगळं सांगायचं ते साखऱ्याच्या माळासाठी.

साखऱ्याजवळ काकांचा मुरमाड माळ होता. पेरायच्या लायकीचा नव्हता, म्हणून त्यांनी तिथं दरसाल होळीच्या आधी मोटारींची शर्यत ठेवलेली. दचकू नका. शेडमधल्या न विकलेल्या चार लहान गाड्या, डोक्यावर फटफटीचं हेल्मेट, मधल्या एकुलत्या एका बाभळीला तीन फेऱ्या आणि तिसऱ्या गेअरच्या वर जायचं नाही. बक्षीस एक नारळ आणि स्टीअरिंगचं कव्हर. बघायला अख्खं गाव. आणि नियम एकच, पण तो कडक: ज्यानं आयुष्यात कधी शर्यत लावली नाही, ज्याचा गाडी चालवणं हा धंदा नाही, त्यालाच बसायला मिळेल. एकदा बसला की संपलं, पुढच्या साली दुसरा नवशिका. जीपवाले, ट्रॅक्टरवाले येऊन हात जोडायचे. काका त्यांना बांधावर बसवून भुईमुगाच्या शेंगा द्यायचे.

शर्यतीनंतर आठ दिवस शेडवर गर्दी असायची. गावातली नर्सबाई चालवते तर आपल्याला का नाही येणार, असा विचार करून लोक लहान गाडी बघायला यायचे. मी एकदा म्हटलं, "काका, ही तुमची जाहिरातच की."

"जाहिरात न्हाई, बाई," ते म्हणाले. मग चहाचा घोट घेऊन म्हणाले, "थोडीशी हाय."

खरी गोष्ट त्यांनी मला नंतर सांगितली. विशीच्या आत ते ट्रकवर क्लीनर होते. ट्रक घेऊन कुठल्याशा मोठ्या शहरात गेले असताना तिथं मैदानावर मोटारींची शर्यत चाललेली. हे तारेच्या कुंपणाला नाक लावून दिवसभर उभे राहिले. संध्याकाळी तिथल्या एका साहेबाला गाठून म्हणाले, मला एकदा बसू द्या. साहेबानं विचारलं, अनुभव आहे का? नाही म्हटल्यावर म्हणाला, मग अनुभव घेऊन या.

"आता सांगा, बाई," काका मला म्हणाले, "बसूच देऊन न्हाई राहिला, तर अनुभव कुठून आनू? बाजारात भेटते का?"

हसत सांगितलं, पण मला ते लागलं. कारण पुढं पोटासाठी त्यांनी बस धरली, आणि स्वतःच्याच नियमानं ते स्वतःच्याच शर्यतीतून बाद झाले. "मी पक्का डायवर. नेम म्हंजे नेम," म्हणायचे आणि शिट्टी तोंडात घालून बांधावर उभे राहायचे. तुम्ही तेव्हा त्यांच्या तोंडाकडे नाही, पायाकडे बघायला हवं होतं. गाड्या सुटल्या की त्यांचा उजवा पाय जमीन दाबायचा. वळणावर सुटायचा, पुन्हा दाबायचा. शर्यत संपेपर्यंत चपलेखाली मुरमात खळगा पडलेला असायचा.

माझी शर्यत काय झाली ते आता सांगूनच टाकते, नाही तर गावातलं कोणीतरी सांगेलच. दुसऱ्या फेरीला मी चक्क दुसरी होते. तेवढ्यात बांधावर गावातल्या धुरपता आजी दिसल्या, डोक्यावर पाटी. त्यांनी हात केला. आता आमच्याकडं म्हाताऱ्या माणसानं हात केला की गाडी थांबते. त्यात विचार करायचा नसतो. मी थांबले, दार उघडलं आणि विचारलं, "कुठं जायचं, आजी?"

"घरी सोड, माय. उन्हानं जीव चालला."

आजी बसल्या, पाटी मांडीवर घेतली, आणि मी शर्यतीतून सरळ गावात. त्यांच्या दारात उतरवलं. त्या चहा घे म्हणाल्या, नाही कसं म्हणणार? चहा घेतला. माळावर परत आले तर नारळ फुटून खोबरंसुद्धा वाटून झालेलं.

"बाई, तिसरी फेरी कुठं सांडली?" काकांनी विचारलं.

"आजींच्या घरी."

काका इतके हसले, इतके हसले की शिट्टी गळ्यात अडकायची वेळ आली. मग डोळे पुसून जिंकणाऱ्याच्या हातातलं स्टीअरिंगचं कव्हर काढून त्यांनी मला दिलं. "बराबर केलं. त्या म्हातारीनं तिच्या वावरापाशी हात केला की मी रोज बस थांबवली. तिथं थांबा न्हाई, काई न्हाई. लोक शिव्या देयाचे. पन हात केल्यावर पुढं जानं मला कधी जमलंच न्हाई." ते कव्हर अजून माझ्या गाडीला आहे.

मागच्या वर्षी काकांचे डोळे गेले. गेले म्हणजे पुरते नाही. काचबिंदू. समोरचं दिसे, बाजूचं दिसेना. डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली, लायसन काही पुन्हा होईना. शेडमध्ये बसायचे, चाव्याही फेकायचे, पण नेम चुकायला लागला. एकदा मी गेले तर रिकाम्या गाडीत स्टीअरिंगवर हात ठेवून नुसतेच बसले होते. मला बघून म्हणाले, "हारन तपासून राहिलो." हॉर्न काही वाजला नव्हता. मी गुपचूप चहा सांगितला.

त्या साली शर्यतीला चार नवशिक्यांपैकी तिघेच आले. चौथ्याचं लग्न ठरलेलं, आणि होणाऱ्या सासऱ्यानं निरोप पाठवलेला की पोरगं माळावर दिसलं तर सोयरीक मोडली समजा. एक गाडी रिकामी. काका म्हणाले, "तिघांवर उरकून टाकू."

मी गाडीतली चावी काढली आणि त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले. "काका, शर्यतीत कधी गाडी चालवली का?"

"न्हाई."

"मग तर बसाच."

"काहून चेष्टा करता, बाई? मी डायवर मानूस. नेम हाय आपला."

"कसले ड्रायव्हर? लायसन कुठंय तुमचं? धंदा बंद, लायसन नाही, शर्यतीचा अनुभव नाही. या माळावर तुमच्याइतका नवशिका दुसरा कोण आहे, दाखवा."

बांधावरचे ट्रॅक्टरवाले ओरडायला लागले, "बसा, डायवर, बसा!" मी चावी फेकली. त्यांनी झेलली, एका हातानं.

"मला बाजूचं दिसत न्हाई, बाई."

"बाजूला मी आहे."

गावानं लोक, लेकरं, शेरडं सगळी बांधाच्या पार पलीकडं नेली. काकांनी हेल्मेट घातलं, काच वर केली. शिट्टी आमच्या शाळेच्या शिपायानं वाजवली, आणि देवाशपथ सांगते, मी आजवर ज्यांच्या गाडीत बसले होते ते हे काका नव्हेतच! पहिल्या वळणाला मी आईला हाक मारली. "उजवीकडं, काका, बाभूळ! बाभूळ!"

"दिसून राहिली. वरडू नका, ती भिऊन जाईल."

तिसऱ्या फेरीला आम्ही दुसरे. पुढं फक्त अंगणवाडीताईंची गाडी, हातभर अंतरावर. मी समोर डोळे लावून बसले होते. तेवढ्यात डाव्या अंगाला बांधावर काहीतरी हललं, आणि सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं, "काका, धुरपता आजी. हात करून राहिल्यात."

क्षणभर गाडी मंदावली. मला वाटलं, संपलं, थांबले हे.

"कुठं? मला न्हाई दिसत बाजूचं," काका म्हणाले, आणि पाय पार खालपर्यंत दाबला.

आम्ही नुसत्या बॉनेटभर मागं पडून हरलो. काका उतरले, हेल्मेट काढलं आणि मुरमातच फतकल मारून बसले. हसत होते की रडत होते, मला कळलं नाही. माझं मात्र रडणंच होतं. माझ्याकडं बघून म्हणाले, "भेटला, बाई. अनुभव भेटला." मग नाक पुसून म्हणाले, "जा आता, म्हातारीला घेऊन या. शिव्या देऊन राहिली आसंल."

दिवाळीनंतर काका गेले. झोपेतच. त्या शेडमध्ये आता टायरचं दुकान आहे. दुकानदार भला आहे, चावी हातात देतो. मला त्याचा उगीचच राग येतो.

साखऱ्याच्या वाटेवर धुरपता आजी अजून हात करतात. मी थांबते. त्या बसतात, पाटी मांडीवर घेतात आणि दर खेपेला तेच गाऱ्हाणं काढतात.

"एवढी वर्सं थांबला त्यो. शेवटच्या टायमालाच काहून थांबला न्हाई?"

"त्यांना बाजूचं दिसत नव्हतं, आजी."

"न्हाई दिसत? आगं, मग मान वळवून माझ्याकडं पाहून हसला कसा?"