अक्काचं सहावं बोट

घरी तिला सगळे धाकटी म्हणत. थोरली म्हणजे अक्का. वडील लवकर गेले, आई इस्पितळात आया म्हणून राबायची, त्यामुळे धाकटीला न्हाऊमाखू घातलं ते अक्काने, लोकांचे कपडे शिवता शिवता. अक्काच्या डाव्या हाताला सहा बोटं होती. करंगळीला लागून आणखी एक, बारीक, जरासं वाकडं. "कापड धरायला मला एक टाचणी जास्तीची मिळालीये," असं ती गिऱ्हाइकांना सांगायची.

धाकटी चित्रकार झाली. व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत गेममधली माणसं काढायची, त्यांचे चेहरे, कपडे, हात. एआयने चित्रं बनवायचं वारं सुटलं तेव्हा ऑफिसात सगळ्यात आधी भांडली ती हीच. "आमचीच चित्रं न विचारता त्याला चारली आणि आता आमच्याच पोटावर पाय?" भर मीटिंगमध्ये तिने साहेबांना विचारलं. साहेब तिच्याहून लहान, स्वभावाने मऊ. त्यांनी शब्द दिला की आपल्या गेममधली प्रत्येक रेघ माणसाच्या हातची असेल. जाहिरातीतही तेच छापलं.

गेमचं काम अर्ध्यावर असताना अक्का गेली. काविळीचं निमित्त झालं.

त्या गेममध्ये वाटसरूंचे फाटके कपडे शिवून देणारी एक बाई होती. धाकटीने तिला अक्काचा चेहरा दिला, आणि हात काढायची वेळ आली तेव्हा सहाही बोटं काढली. शेजारी बसणारा अ‍ॅनिमेटर उंचीमुळे लंबू म्हणून ओळखला जायचा. तो म्हणाला, "ताई, माझं काम वाढवलंत. आता हेही बोट मलाच हलवायचं." पण हलवलं त्याने छान. दोरा ओढताना अक्काचं ते बोट बाकीच्यांपासून फटकून राहायचं, अगदी तसं. आईला दाखवलं तेव्हा ती खुर्ची पुढे ओढून बसली. ताट वाढलं तरी उठेना.

गेम बाजारात आला. काही दिवसांतच कुणीतरी त्या हाताचं चित्र मोठं करून, सहाव्या बोटाभोवती लाल गोल काढून इंटरनेटवर टाकलं. एआयला हात जमत नाहीत, बोटं जास्त येतात, हे तेव्हा शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्यात नुकतीच दुसरी एक मोठी कंपनी असंच फसवताना पकडली गेली होती. लोक चिडलेले होते, आणि ते चुकीचंही नव्हतं. पण सुक्याबरोबर ओलंही जळतं. 'खोटारडे', 'माणसाच्या हातची रेघ म्हणे', असे शेरे धो धो येऊ लागले. कुणीतरी धाकटीचं नाव शोधून काढलं. ज्यांच्यासोबत तिने एआयविरुद्धच्या पत्रकावर सही केली होती, त्यांच्यातलेही दोघे-तिघे त्या शेऱ्यांत होते.

तिने कच्ची रेखाटनं दाखवली. लोक म्हणाले, ही नंतर बनवली असतील.

शेवटी तिने अक्काचा एक जुना फोटो शोधून काढला. मांडीवर कापड, हातात सुई, सहा बोटं स्पष्ट दिसताहेत. लंबू म्हणाला, "ताई, नका टाकू. हात दाखवून अवलक्षण होईल." तिने टाकला. खाली दोन ओळी लिहिल्या: ही माझी बहीण. ती आता नाही.

पहिलंच उत्तर आलं, 'फोटोही एआयचाच. निदान बोटं तरी मोजायची.' त्याखाली हसणाऱ्यांची रांग लागली.

साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. त्यांना नजर वर करवेना. "ताई, मला माहितीये खरं काय ते. पण गेम परत करायला लागलेत लोक. इतक्या जणांच्या नोकऱ्या आहेत. एक बोट फक्त."

"माझ्याच्याने नाही होणार."

"तुम्ही नका करू. लंबू करेल."

लंबूने हातात पेन धरला आणि खाली ठेवला. मग त्याने कंपनीत कुणी वापरायचं नाही असं ठरलेलं ते एआयचं साधन उघडलं, त्या बोटावर खूण केली आणि तोंड फिरवलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत बोट गेलं. मागचं कापड, त्यावरची सुरकुती, सगळं आपोआप भरून आलं. गेमला एआयचा स्पर्श झाला तो तेवढाच. नवा हात लोकांना आवडला. 'आता कसं माणसाने काढल्यासारखं वाटतंय,' असं एकाने लिहिलं.

धाकटी त्या महिन्यात नोकरी सोडून घरी आली. आईला एवढंच सांगितलं की कंटाळा आला.

एका दुपारी शेंगा सोलताना आई म्हणाली, "ती शिवणारी अक्का दाखव ना."

"कॉम्प्युटर बिघडलाय, आई."

"असू दे." आईने आणखी एक शेंग सोलली. "तुला कधी बोलले नाही. ती जन्मली तेव्हा सगळे म्हणाले, बोट कापून टाका, पोरीची जात आहे, कोण करील हिला. मी तिला घेऊन इस्पितळात गेलेही होते. डॉक्टरांनी हात पुढे घ्यायला सांगितला आणि तिने त्या बोटाने माझा पदर असा घट्ट धरला. तशीच उठून आले. बरं केलं ना गं?"

"बरं केलंस," धाकटी म्हणाली, आणि टरफलं टाकायचं निमित्त करून मागच्या दाराशी गेली. बराच वेळ ती आत आली नाही.