पेन्शनवालीचा टायर

कालिपाने सव्वीस वर्षं बिश्केकमध्ये ट्रॉलीबस चालवली. निवृत्त झाली तेव्हा डेपोतल्या लोकांनी तिला कपबश्यांचा सेट दिला, हारतुरे झाले, भाषणं झाली. आता ही बाई बाल्कनीत टोमॅटोची रोपं लावणार असं सगळ्यांनीच धरलं होतं. तिसऱ्या महिन्यात तिने एका दातांच्या डॉक्टरकडून जपानी मोटरसायकल विकत घेतली. लांबच्या रस्त्यासाठी केलेली, वेगाची, वजनाला चांगली तगडी. डॉक्टरने ती हौसेने घेतली होती आणि दोनदा चालवून घाबरून ठेवून दिली होती.

"कालिपा-एजे, ही तुम्हाला झेपेल का?" त्याने विचारलं होतं. एजे म्हणजे ताई.

"बारा मीटर लांबीची गाडी बर्फातून झेपली," ती म्हणाली. "हिला तर दोनच चाकं आहेत. लक्ष ठेवायला सोपी."

चार वर्षं सगळं ठीक चाललं. गेल्या शरदात मात्र आला-बेल घाटाच्या पलीकडे, मध विकणारे बसतात त्या वळणावर, ओल्या उतारावर मागचं चाक निसटलं. मोटरसायकल एका बाजूला, कालिपा दुसऱ्या बाजूला. खांद्याजवळचं हाड मोडलं. इस्पितळात मुलगा आला, मकसत. तो उझगेनला राहतो, डोंगरांपलीकडे, बायकोच्या माहेरच्या गावात. तो ओरडला नाही, हेच वाईट. हळूच म्हणाला, "आई, आणखी एकदा पडलीस तर किल्ली माझ्या हातात द्यायची. शब्द दे." तिने दिला. कालिपाने दिलेला शब्द म्हणजे दगडावरची रेघ, हे डेपोपासून घरापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं.

हिवाळाभर मोटरसायकल गॅरेजमध्ये पांघरुणाखाली होती. कालिपा अधूनमधून जाऊन पांघरूण उचलायची आणि मागच्या टायरवरून हात फिरवायची. तेव्हा कुठे तिला उमगलं. बिश्केकच्या आसपासचे रस्ते फूटपट्टीने आखल्यासारखे सरळ. त्यावर धावून धावून टायर मधोमध झिजला होता, लाटण्याने लाटल्यासारखा सपाट. कडा मात्र नव्याच्या नव्या. गाडी कलली की चाक त्या सपाट भागाच्या कडेवर उभं राहायचं आणि मग एकदम पलीकडे ढासळायचं. सव्वीस वर्षं रस्ता वाचणाऱ्या बाईला स्वतःच्या चाकाखालचं वाचता आलं नव्हतं. हे तिला हाडापेक्षा जास्त दुखलं.

मे महिन्यात फोन आला. नात, अकमारल, चालायला लागली होती. पुढच्या रविवारी दोरी कापायची होती. त्यांच्याकडे मूल पहिली पावलं टाकतं तेव्हा त्याच्या घोट्यांना काळ्यापांढऱ्या लोकरीची दोरी बांधतात, माणसं लांबून धावत येतात, आणि जो पहिला पोचेल तो सुरीने ती दोरी कापतो. मुलाची चाल पुढे त्या माणसासारखी होते म्हणतात.

"विमानाने ये," मकसत म्हणाला.

"गालिचा आणायचाय. लोकरीचा. नातीसाठी वर्षभर बसून केलाय."

"मग टॅक्सीने ये."

मागून विहीणबाईंचा आवाज आला. सायरागुल नाव त्यांचं, शाळेत मुलांना पळायला शिकवायच्या, अजूनही काठीसारख्या सडसडीत. "जावईबापू, सांगा त्यांना, या वयात हातात जपमाळ धरावी नाहीतर नातवंड धरावं. हँडल कसलं धरताय!"

"विहीणबाईंना सांग," कालिपा म्हणाली, "मोटरसायकलवरूनच येतेय. आणि पडणार नाही."

फोन ठेवल्यावर तिला आपल्याच बोलण्याचा धसका बसला. सहाशे किलोमीटर, दोन घाट, मे महिना म्हणजे वर केव्हाही बर्फ. आणि रस्ता नेमका त्या मधवाल्यांच्या वळणावरून जाणारा.

दुसऱ्या दिवशी ती मोटरसायकल सावकाश चालवत बाजारात गेली. शहराबाहेरच्या त्या बाजारात सगळी दुकानं म्हणजे जहाजावरचे लोखंडी डबे, एकावर एक रचलेले. एर्मेकचा डबा टायरांनी भरलेला. एर्मेक पूर्वी कुस्ती खेळायचा. आता फक्त पोट आणि कान उरले होते, दोन्ही पैलवानाचे.

"एजे! जिवंत आहात तर!" त्याने हाक मारली. "ऐकलं होतं, घाटात मध चाखायला उतरलात, तेही डोक्यावर."

"हाडावर. डोकं शाबूत आहे, म्हणून तुझ्याकडे आले. मागचा टायर दाखव."

एर्मेकने पहिला टायर काढला तो मोठ्या मोठ्या ठोकळ्यांचा, चिखलातून चालणाऱ्या गाड्यांचा. "घाटात जायचं ना? दात बघा याचे! बर्फ असो, चिखल असो, चावत चावत जाईल."

"मी डांबरावरून चाललेय, बटाटे पेरायला नाही. ओल्या डांबरावर हे ठोकळे नाचतील."

दुसरा निघाला तो शर्यतीचा. जवळजवळ गुळगुळीत, हाताला चिकटणारा. "हा म्हणजे सासूची जीभ! एकदा पकडलं की सोडत नाही."

"तापल्यावर ना? घाटात गारठ्यात हा गप्प बसेल. आणि परत येईपर्यंत संपेल."

एर्मेकने आत जाऊन तिसरा आणला, दोन्ही हातांनी, बाळ आणावं तसा. अगदी बरोबर मापाचा, नावाजलेला, रबराचे बारीक केससुद्धा अजून अंगावर. खाचा खोल. दुकानातली दोन-चार गिऱ्हाइकंही बघायला वळली. त्याने तो भिंतीला टेकवून उभा केला. "याला अजून रस्ता माहीत नाही. कुमार आहे कुमार!"

कालिपाने अंगठ्याचं नख रबरात रुतवून बघितलं. नख रुतलं नाही.

"फिरव जरा."

"दोन्हीकडून सारखाच आहे, एजे."

"फिरव."

टायर कधी बनला ते एकाच बाजूला कोरलेलं असतं, चार आकड्यांत. आधीचे दोन आठवड्याचे, नंतरचे दोन सालाचे. ती बाजू भिंतीकडे होती. एर्मेकने फिरवला. कालिपाने चष्मा लावला, फोनचा उजेड पाडला आणि आकडा मोठ्याने वाचला. नऊ वर्षांचा निघाला. नऊ उन्हाळे तो त्या लोखंडी डब्यात भाजत पडला होता.

एर्मेकचे कानसुद्धा लाल झाले. "एजे, आईशप्पथ, मला माहीत नव्हतं. ढिगातून घेतलेला."

"मला माहीत आहे तुला माहीत नव्हतं. माहीत असतं तर तू आधीच शपथ घेतली असतीस." बाकीचे हसले, एर्मेकही हसला.

कालिपाचा बाप सुसामिरच्या कुरणात घोडे राखायचा. घोडा विकत घ्यायचा तर लोक त्याला मैदानावर पळवून बघायचे. बाप म्हणायचा, पळतं तर कुठलंही जनावर. पाठीवर ओझं घालून त्याला ओल्या उतारावरून खाली चालत आणायला सांग. पाय कुठे ठेवतो ते तिथे दिसतं. कालिपा त्या लोखंडी डब्यात उभी राहून टायरांच्या रांगेकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांसमोर रस्ता नव्हता, फक्त एक उतार होता. थंड, ओला, आणि त्यावरून पाठीवर गालिचा लादून उतरायचं होतं.

खालच्या रांगेत एक टायर होता. दिसायला अगदी साधा, खाचा फार खोल नाहीत, पण बारीक आणि तिरक्या, पाणी बाजूला काढणाऱ्या. मध्ये कडक रबर, कडांना मऊ. पुढच्या चाकावर होता त्याच जातीचा. वजन पेलण्याचा आकडा बाकीच्यांपेक्षा दोन पायऱ्या वर. बनून एकच वर्ष झालेलं. तिने नख लावलं. रबराने नख आत घेतलं आणि हळूच परत दिलं.

"हा?" एर्मेकने तोंड वाकडं केलं. "एजे, हा पेन्शनवाल्यांचा टायर आहे!"

"मग मी कोण आहे?"

एर्मेकने टायर चढवला. टायरवरचा बाण चाकाच्या फिरण्याच्या दिशेला आहे का ते तिने दोनदा बघितलं, तोल साधायची शिशाची वजनं लागली, हवा तिने स्वतः मोजून भरली.

शनिवारी पहाटे ती गॅरेजशी आली तेव्हा शेजारच्या उमसुन-आजी तिथे आधीच हजर; गॅरेजची दुसरी किल्ली त्यांच्याकडेच असायची. चेहऱ्यावर समाधान, हातात रिकामी वाटी. नव्या वस्तूच्या अंगाला चरबी लागल्याशिवाय ती घराबाहेर काढायची नाही हा त्यांच्या घरचा नेम. पाळणा असो, शिवणयंत्र असो. एरवी चुलीजवळ दोन बोटांचा टिळा, एवढंच. पण आज काम मोठं होतं.

"मेंढीच्या शेपटाची चरबी, ताजी," आजी म्हणाल्या. "टिळ्यावर भागेना माझं. सगळं चाक चोळलं. या कडेपासून त्या कडेपर्यंत."

कालिपाने टायरवर बोट टेकवलं. बोट घसरून रिमवर गेलं.

क्षणभर तिला ते वळण दिसलं, मधाच्या बरण्या दिसल्या, मकसतचा पुढे केलेला हात दिसला. मग ती खाली बसली आणि हसायला लागली. आजीही हसल्या, का ते न कळता.

"आजी, पाणी तापवा. भांड्यांचा साबण आणा. राख असेल तर राखही."

"अगं, आशीर्वाद धुवून काढायचा?"

"जागा बदलायची फक्त. थोडा माझ्या बुटांना लावा."

दोघींनी तासभर चाक घासलं. आजी पुटपुटत घासत होत्या, म्हणून कालिपाला वाटलं आशीर्वाद धुतानाच पुन्हा लागत असावा. निघायला उशीर झाला, पण कोरड्या टायरवर नख पुन्हा रुतलं.

नवा टायर तसाही पहिले काही किलोमीटर निसरडाच असतो, वरची झिलई जाईपर्यंत. सरळ रस्त्यावर ती फक्त मधोमध जाते, आणि घाटात कामाला येतात त्या कडा. म्हणून डोंगर सुरू होण्याआधी, कारा-बाल्ता गावाबाहेरच्या धान्यगोदामाच्या मोकळ्या अंगणात कालिपाने गोल फेऱ्या घातल्या. आधी मोठे गोल, मग लहान, डावीकडून, उजवीकडून, प्रत्येक वेळी गाडी जरा जास्त कलवत. पोलिसाची गाडी येऊन थांबली.

"एजे, काही हरवलंय का?"

"हो, गेल्या वर्षी एक वळण हरवलं होतं. शोधतेय."

तो आणखी दोन फेऱ्या बघून निघाला. जाताना त्याने टोपीला हात लावला.

पहिल्या घाटाच्या बोगद्यातून ती बाहेर पडली तेव्हा सुसामिर समोर पसरलं होतं, अर्धं हिरवं, अर्धं पांढरं. कुरणात नुकते तंबू पडले होते, धूर सरळ वर जात होता. ती कुठे थांबली नाही. दुसऱ्या, आला-बेल घाटाच्या माथ्यावर पाऊस लागला, थेंबाथेंबात बर्फाचे कण. उतार सुरू झाला. देवदारांचा वास आला, खाली नदीचा आवाज आला, आणि मग ते वळण आलं.

पुढे ट्रक होता. मागे दुसरा. वेग एकदम कमी करता येत नव्हता, वाढवताही येत नव्हता. डांबर काळं चकचकीत. कालिपाच्या मोडलेल्या हाडाला ते वळण तिच्याआधी कळलं. खांदा ताठ झाला, हात आखडले. तिने श्वास सोडला, हात सैल केले, नजर वळणाच्या शेवटाकडे नेली आणि गाडी कलवली. ज्या ठिकाणी गेल्या वर्षी चाक ढासळलं होतं तिथे ती वाट बघत राहिली. चाक ढासळलं नाही. ते गोल होतं, एकसंध, आणि मधल्या कडक रबरावरून कडेच्या मऊ रबरावर असं सरकलं की कुठे सरकलं ते कळलंही नाही. गालिचा पाठीशी घट्ट बसून होता. मधवाल्यांच्या बरण्या एकामागून एक मागे गेल्या. एका बाईने हात हलवला. कालिपा हेल्मेटच्या आत मोठ्याने ओरडली, घोड्यांच्या शर्यतीत बाप ओरडायचा तशी, आणि काच वाफेने भरून गेली.

रात्री ती तोक्तोगुलला राहिली, तळलेला मासा खाल्ला, मेल्यासारखी झोपली. रविवारी दुपार व्हायच्या आत उझगेनला पोचली. अंगणात कढईतल्या लाल तांदळाच्या पुलावाचा वास होता, माणसं होती, आणि दारात विहीणबाई.

"आलात? अख्ख्या आलात की काही वाटेत सांडलं?"

"मोजून घ्या, विहीणबाई."

बायकांची शर्यत लागली. अकमारल मैदानाच्या टोकाला घोट्यांना दोरी बांधून आईच्या हाताला धरून उभी, गोंधळलेली. कालिपा जड बुटांनिशी धावली आणि चौथी आली, धापा टाकत, हसत. पहिल्या अर्थातच विहीणबाई. सुरी त्यांच्या हातात आली. त्या नातीसमोर वाकल्या आणि तशाच थांबल्या.

"मी आयुष्यभर मैदानाला फेऱ्या मारल्या," त्या सरळ होत म्हणाल्या, नेहमीपेक्षा हळू आवाजात. "जिथून सुटले तिथेच परत आले. पोरीचे पाय जरा लांब जाऊ देत." त्यांनी सुरी कालिपापुढे धरली. "घ्या. आणि रडू नका, मला नाही चालायचं."

दोरी एका घावात तुटली. अकमारलने चार पावलं टाकली, पाचव्याला बसली, आणि पुन्हा उठली. टाळ्या झाल्या, मिठाया उधळल्या गेल्या.

सगळे जेवायला वळले तेव्हा मकसत अंगणात मोटरसायकलपाशी उभा होता. कालिपा त्याच्याजवळ गेली. किल्ली तिच्या खिशात होती, मुठीत घट्ट धरलेली. मकसत मागच्या चाकाशी उकिडवा बसला. टायरच्या कडेवरची झिलई अगदी टोकापर्यंत गेली होती. त्याने तिथे बोट फिरवलं, बराच वेळ. ही कड कुठे घासली गेली असेल हे त्याला न सांगता कळत होतं.

"आई," त्याने मान वर न करता विचारलं, "ओझं लादलेलं असताना हवा किती ठेवतेस?"

ती त्याच्या शेजारी खाली बसली आणि सांगायला लागली.