हें कोठून आलं?

प्रोग्रॅममधल्या कॉमेंटवर मी कधीच विश्वास ठेवत नाही. कोड यंत्रासाठी असतो, कॉमेंट माणसासाठी. यंत्र ती वाचत नाही, नुसती ओलांडून जातं, म्हणून तिथे वाट्टेल त्या थापा मारता येतात. ‘हा भाग नंतर सुधारायचा आहे’ असं लिहिणाऱ्याने नोकरी सोडून जमाना झालेला असतो. मी मूळचाच संशयी. भाजीवाला कोथिंबीर फुकट देऊ लागला, तर आधी पिशवीतले टोमॅटो तपासतो. त्यामुळे तमिळ मुलखात, पेरुंगुडीच्या आमच्या ऑफिसात त्या बाई आल्या तेव्हा मी सावध झालो, यात नवल काही नाही.

आमची कंपनी परदेशी प्रकाशकांसाठी पुस्तकांची पानं जुळवून द्यायची. त्या कामातून माझं एक बारकं अवजार तयार झालं होतं. जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडला की नुसता किडामुंगीचा खेळ दिसायचा. माझा प्रोग्रॅम तो युनिकोडमध्ये, म्हणजे कुठेही वाचता येईल असा करून द्यायचा. साहेबांच्या मनात आलं की हे ओपन सोर्स करून टाकू. म्हणजे कोडसकट इंटरनेटवर ठेवायचं, कोणीही घ्यावं, वाचावं, सुधारावं. वर कंपनीचं नाव आणि खाली माझं. तोवर मी जुळवलेल्या हजारो पानांवर माझं नाव कुठेही नव्हतं. हे पहिलंच. आईला फोनवर सांगूनही टाकलं होतं, आणि तिने ते आमच्या आळीत सांगितलं होतं.

अट एकच होती. कोड आमचाच आहे, कुठून उचललेला नाही, याची खात्री झाल्याशिवाय साहेब सही करणार नव्हते. आणि कोड लोकांना कळावा म्हणून त्याला माहितीपत्रक हवं होतं. ते लिहायला या बाई दिल्या.

बाई तंजावरकडच्या मराठी. घरात मराठी बोलायच्या, शाळेत तमिळ शिकलेल्या, आणि देवनागरी लिपी हिंदीच्या परीक्षांमुळे आलेली. ‘आम्ही पण मराठी’ असं त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या. बोलणं ऐकून मात्र मला एखादी जुनी पोथी तमिळ चालीत म्हटल्यासारखं वाटलं. मी हसून खुर्ची दिली. त्या बसल्या, माझ्या स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाल्या, “तुमच्या कोडांत मला एक संदेह आहे.”

माझं डोकंच सणकलं. ओळख ना पाळख, आणि आल्या आल्या संदेह!

“कसला?” मी विचारलं.

त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. “हें र कोठून आलं?”

कोठून आलं म्हणजे? माझ्या डोक्यातून आलं. मी तसंच सांगितलं, जरा चढ्या आवाजात. त्यांनी मान डोलावली, माझं उत्तर लिहून घेतलं आणि गेल्या. लिहून घेतलं हे मला विशेष खुपलं.

दुसऱ्या दिवशी परत. “अजून एक संदेह आहे.” वेलांटीच्या ओळीवर बोट. “हें असंच आलं, की कोठून?” मग रफाराच्या ओळीवर. मग जोडाक्षरांवर. कॉफीच्या मशीनपाशी मी कप धरून उभा असलो तरी बाई हजर, आणि आवाज कमालीचा मऊ. मऊ बोलणाऱ्यांना मी जास्त घाबरतो. मला खात्रीच पटली की साहेबांनी यांना माझ्यावर पाळत ठेवायला बसवलंय, माहितीपत्रक हा नुसता बहाणा. मी त्यांना ‘मॅडम’ म्हणायला लागलो. उठताना स्क्रीन बंद करू लागलो. त्या मात्र डब्यातला लिंबूभात पुढे करायच्या. तोही मी आधी वास घेऊन खाल्ला.

शेवटी मी बंदोबस्त केला. प्रत्येक फाइलच्या माथ्यावर आणि बऱ्याचशा ओळींच्या डोक्यावर एकेक कॉमेंट ठोकून दिली: हे मी स्वतः लिहिलेलं आहे. हे कुठूनही घेतलेलं नाही. एका ठिकाणी रागाच्या भरात ‘कोणाला शंका असल्यास समोर येऊन बोलावं’ असंही लिहिलं, इंग्रजीत, म्हणजे साऱ्या जगाला कळेल असं.

साहेबांनी सहीच्या आदल्या दिवशी फाइली उघडल्या आणि आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. खिडकी बंद होती, तरी जवळच्या कचऱ्याच्या डेपोच्या धुराचा वास आत होताच.

“तुम्ही चोरी केली असं कोणी म्हणालं का?” त्यांनी मला इंग्रजीत विचारलं.

“नाही सर.”

“मग पानोपानी हे काय आहे? एवढ्या फाइली आजवर पाहिल्या, मी चोरलं नाही असं कोणी लिहिलेलं पाहिलं नाही.”

चोराच्या मनात चांदणं! ही म्हण मीच आयुष्यभर दुसऱ्यांवर फेकत आलो होतो. साहेब म्हणाले, हे आता थांबवावं लागेल, कायद्याच्या माणसाला दाखवू, आणि त्याला पटलं नाही तर राहू दे. राहू दे म्हणजे कायमचं, हे मला कळत होतं. डोळ्यांपुढे आई आली, आणि आमची आळी. आणि सगळ्यात जास्त राग आला तो शेजारी शांत बसलेल्या बाईंचा.

साहेब त्यांच्याकडे वळले. “तुम्ही सगळा कोड वाचलाय. तुम्हाला काय वाटतं, हा कुठून उचललेला असेल?”

संपलं, असं मला वाटलं. आता बाई वही उघडणार.

“नाही सर,” त्या म्हणाल्या, “यांचाच आहे.”

“इतकी खात्री?”

“यांत चुका आहेत सर. ‘सुऱ्या’ दिलं की ‘सुर्या’ येतं. ‘तऱ्हा’ची ‘तर्हा’ होते. जोडाक्षरामागची वेलांटी भलत्या अक्षरावर बसते. दुसऱ्याच्या कोडांतून आणलं असतं, तर तिथे कोणी तरी केव्हांच दुरुस्त केलं असतं. ह्या चुका दुसऱ्या कोणाच्या नाहींत.”

साहेब मोठ्याने हसले. चुका काढा, त्या कॉमेंटही काढा, मग सही करतो, असं म्हणून त्यांनी आम्हाला जायला सांगितलं.

सुटलो म्हणून पाय हलके झाले होते आणि अपमानाने कान तापले होते. बाहेर आल्या आल्या मी बाईंना गाठलं.

“मॅडम, एवढ्या चुका दिसत होत्या तर मला एका शब्दाने सांगायचं होतंत! थेट साहेबांपुढे?”

त्या गोंधळल्या.

“रोज सांगत होतें की,” त्या म्हणाल्या. “हें र कोठून आलं, म्हणून विचारलें. तिथे तें र यायलाच नको होतं. तुमची चूक आहे, असं तोंडावर कसं म्हणायचं? म्हणून संदेह म्हटलें. आमच्यात तसंच विचारतात.” मग म्हणाल्या, “तुम्ही रोज रागावत होतां. मला वाटलें, यांना माझी मराठीच आवडत नाहीं.”

मी त्यांच्यासाठी खुर्ची ओढली, रफाराची ओळ उघडली आणि विचारलं, हे र कुठून आलं असेल?