बायोडिझेलवरची पहिली फेरी
निवृत्तीनंतर बाबा घरात गप्प बसून असायचे. मग त्यांनी आमची जुनी डिझेल जीप बायोडिझेलवर चालवायचं मनावर घेतलं. नया नगरच्या मेकॅनिककडून या इंधनाने खराब होणारे जुने रबरी पाइप बदलून घेतले आणि पहिल्या फेरीला आईला शेजारी बसवलं. मी मागे होतो.

वरसाव्याच्या चढावर जीप आचके देत बंद पडली. बाबांचा चेहरा उतरला.

मेकॅनिक फोनवर म्हणाला, “अंकल, नया तेल टाकी का पुराना कचरा निकालता है, वही फिल्टर में अटका होगा. फिल्टर बदल दो.”

नवा फिल्टर सोबत होताच. आई चांगल्या साडीतच खाली उतरली. “सांगा, काय धरू?”

तिचे हात तेलाने माखले, पण जीप सुरू झाली. बाबा कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसले.

“घरी परतूया?” त्यांनी विचारलं.

“छे! पुढे जाऊन चहा पिऊया,” आई म्हणाली.