पौर्णिमेचा फिल्टर

सावळारामतात्यांच्या कानाबद्दल बावड्यात कुणी शंका घेतली असती, तर मीच आधी त्याच्याशी भांडलो असतो. म्हणूनच ती सकाळ मला अजून विसरता येत नाही.

तात्या बावड्याहून बारामतीच्या बाजारात भाजी नेणारी पिकअप चालवायचे. गाडी स्वतःची. माझी वांगी वर्षानुवर्षं त्यांच्याच गाडीतून गेली, आणि अडत्यावर माझा काडीचा विश्वास नसल्यामुळे मालाबरोबर मीही केबिनमध्ये बसून जायचो. तात्यांना आपल्याइतकं कुणी ओळखत नाही, असा माझा समज होता.

माणूस मोठा हट्टी. बाकीचे ड्रायव्हर अमावास्येला गाडीपुढं नारळ फोडायचे, बंपरला लिंबू-मिरची बांधायचे. तात्यांच्या वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली, त्यामुळे त्यांच्या घरात असल्या गोष्टींना थारा नव्हता. "लिंबानं डिझेल गाळत न्हाय, नाना," ते मला म्हणायचे, "फिल्टरनं गाळतंय."

आणि तो फिल्टर कधी बदलायचा, यावरून आमचं कायम वाजायचं. डिझेलमधला गाळ आणि पाणी अडवणारा तो एवढासा डबा. तो तुंबला की इंजिन उपाशी मरतं. इतक्या किलोमीटरला बदला, असं गाडीबरोबरच्या पुस्तकात छापलेलं होतं म्हणे. पण पुस्तक उंदरांनी खाल्लेलं आणि किलोमीटरचा काटा केव्हाच मेलेला. मी म्हणायचो, ठरावीक दिवसांनी बदलत जा, रस्त्यात अडकलो तर माझी वांगी सुकतील. तात्यांचं उत्तर एकच. "कवा बदलायचा ते गाडी सांगती. आपुन ऐकायचं."

आणि ते खरंच ऐकायचे, हे मला कबूल करावंच लागेल. निमगाव केतकीच्या अलीकडं एक चढ आहे. तिथं भरलेली गाडी चढताना तात्या एकदम मान वाकडी करायचे. "आवंढा गिळला बघा." मला काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही. मग इंदापुरात बिरू मिस्त्रीकडं फिल्टर खोलला की आत काळाकुट्ट चिखल. दुसऱ्यांची गाडी रस्त्यावरून नुसती गेली तरी तात्या घरात बसून सांगायचे, हिचा फिल्टर भरलाय.

शहाण्णव साली मात्र नवल झालं. पौर्णिमेला तात्या गाडी बंद ठेवायचे, धुवायचे आणि पांढरे कपडे घालून वस्तीतल्या विहारात जायचे. हे जुनंच. त्या वर्षी गाडी धुतली की ते फिल्टरही बदलायला लागले. दर पौर्णिमेला न चुकता. मी गावभर सांगत सुटलो की म्हातारा अखेर माझ्या बोलण्यानं ताळ्यावर आला. बिरू कुरकुरला, "चांगलं फिल्टर फेकून देत्यात तात्या. अजून निम्मं चाललं असतं." मी त्यालाच झापलं. तात्या नुसते हसले.

त्याच सुमाराला त्यांच्या घरी चहाला थांबलो होतो. तात्या अंगणात पाठमोरे बसून पाना पुसत होते. रंगूबाईवहिनी चुलीपाशी. चूल भिंतीकडं तोंड करून, तशी वहिनींची पाठही आमच्याकडं. "तुमीच सांगा नाना त्यास्नी," त्या म्हणाल्या. "लोणी देवकरला कारखान्यात वॉचमनची जागा हाय, आता गाडी सोडा म्हणलं. तवापासनं माझ्याशी बोलत न्हाईत. हितनं हाक मारली तर वळूनसुदिक बघत न्हाईत. एवढा कसला राग म्हणायचा?" अंगणातून उत्तर आलं नाही. नवरा-बायकोच्या भांडणात पडणारा मी मूर्ख नव्हतो. चहा संपवून उठलो.

मग ती सकाळ. उसाचा हंगाम होता, पंपावर डिझेल संपलेलं, म्हणून माझ्या मळ्यातल्या इंजिनासाठी ठेवलेल्या पिंपातलं डिझेल गाडीत ओतलं. पिंपाच्या तळाशी गंज आणि पाणी असतं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक, पण फिल्टर परवाच बदललाय, तो धरील, असं आम्ही दोघं म्हणालो. इंदापूर सोडलं आणि रस्ता उखडलेला लागला. गाडी आचके द्यायला लागली. खड्ड्यांचे हादरे वेगळे आणि हे वेगळे, एवढं मलासुद्धा कळत होतं. तात्या आता मान वाकडी करतील म्हणून मी वाट पाहिली. ते म्हणाले, "आज गाडी लोण्यावानी चाललीय." थट्टा करतायत समजून मी हसलो.

चढावर इंजिनाचा जीव जायला लागला. धाप लागल्यासारखं ते थांबत होतं, परत उचलत होतं. मागून उसाचा ट्रक आला, उजवीकडून पुढं निघायला लागला आणि त्यानं हॉर्नवरचा हात काढलाच नाही. आरसा हादऱ्यांनी खाली वळलेला. समोर मोठा खड्डा आला आणि तात्यांनी तो चुकवायला गाडी शांतपणे उजवीकडं घेतली, सरळ ट्रकच्या अंगावर. मी ओरडलो. त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. शेवटी मीच स्टिअरिंगवर झेप घालून ते डावीकडं ओढलं. उसाचे शेंडे खिडकीला घासत गेले, आरसा तुटून पडला, आणि आमची गाडी कडेच्या मातीत जाऊन बंद पडली.

तात्यांनी माझ्याकडं वळून विचारलं, "काय झालं?"

लांब जाणाऱ्या ट्रककडं बघत मी कसंबसं म्हणालो, "तात्या, तो कवापासनं हॉर्न देतोय."

"नाना," ते हळू म्हणाले, "माझ्याकडं तोंड करून बोला."

या माणसाशेजारी मी वर्षभर बसत होतो. बोलत होतो. ते माझ्या ओठांकडं बघत होते, आणि मी समजत होतो की माझं बोलणं त्यांना पटतंय.

"पयली पाखरं गेली," ते म्हणाले. "मग नातीचा, आमच्या छकुलीचा आवाज. मग गाडीचा. म्हणून पौर्णिमा धरली. ऐकू येत न्हाय तर वार तरी पाळावा." कुणाला का सांगितलं नाही, असं मी त्यांच्याकडं तोंड करून विचारलं. "बहिऱ्याच्या गाडीत कोण माल घालंल? तुमी घातला असता?" नसता घातला.

सीटखालचा नवा फिल्टर काढून त्यांनी बसवला, हातपंप मारून हवा काढली. मला चावी फिरवायला सांगितलं. गाडी लागली. तात्यांनी बॉनेटवर तळवा सपाट टेकवला आणि माझ्याकडं पाहिलं. "लागली?" मी मान हलवली. मग ते वळसा घालून डाव्या बाजूला येऊन बसले. ज्या माणसानं बिरूला गाडी मागंसुद्धा घेऊ दिली नव्हती, त्यानं मला म्हटलं, "तुमी चालवा." मला फक्त ट्रॅक्टर येत होता. वांगी गेली चुलीत म्हटलं आणि ट्रॅक्टरच्या चालीनं गाडी बावड्याला परत आणली.

वहिनींना अंगणातच सगळं सांगितलं. त्या रडतील किंवा आम्हा दोघांना फैलावर घेतील, असं वाटलं होतं. त्या उंबऱ्यावर बसल्या. मग उठून त्यांच्या अगदी समोर आल्या. "म्हंजी तुमी माझ्यावर रागावला न्हवता?"

तात्यांना उमगलं नाही. वहिनींनी एकेक शब्द सुटा करून परत विचारलं.

"राग? कसला राग?"

"वरीसभर हाका मारतीया मी."

"तू हाका मारत व्हतीस?" तात्यांचा चेहरा मला बघवेना. "चुलीकडं तोंड असायचं की तुझं."

गाडी आता विकायचीच होती; दुसऱ्या दिवशी तिच्या गिऱ्हाइकाबद्दल बोलायला म्हणून गेलो, तर वहिनींचे हात कोपरापर्यंत मातीनं भरलेले. भिंतीकडची चूल त्यांनी पहारीनं फोडली होती आणि अंगणाकडं तोंड येईल अशी नवी घालत होत्या. तात्या समोर बसून माती मळून देत होते.