एकाच नंबरच्या नकला

माझी शाळा चौथीत सुटली. तरी जव्हारच्या कॉम्प्युटर क्लासात सरांनी मला ठेवला, कारण मी स्वस्त होतो आणि माझं पाठांतर बरं होतं. इंग्रजी वाचता येत नव्हतं. काळ्या पडद्यावर कुठल्या अक्षरामागं कुठलं मारायचं, तेवढं रांगोळीसारखं पाठ.

क्लासात दमाची मशीन एकच. तिच्या पोटात प्रोग्रामनं बनवलेल्या चार खोट्या मशिनी चालवायच्या होत्या, बाहेरचे जुने डबे नुसते पडदे. पहिली खोटी मशीन सरांनी बनवली, म्हणाले, बाकीच्या तीन तू क्लोन कर. क्लोन म्हणजे नक्कल, एवढं सांगून ते घरी गेले.

दुसऱ्या दिवशी परीक्षा. खोडाळ्याहून चार पोरी जीपनं आल्या. पेपर बारापर्यंतच उघडा. त्यातल्या एकीला त्याच महिन्यात भरतीच्या अर्जाला सर्टिफिकेट जोडायचं होतं, पुढली परीक्षा सहा महिन्यांनी.

पहिली पोरगी पडद्यावर पेपरात आत गेली. दुसरी आत गेली, तर पहिली पेपरातनं बाहेर फेकली गेली. तिसरी गेली, दुसरी बाहेर. सरांनी सगळ्या वायरी काढून लावल्या. मी म्हटलं, मशिनींचं एकमेकींशी पटत नाय. कोणी हसलं नाय. सव्वाअकरा झाले.

सरांनी विचारलं, "नेटवर्कचे नंबर कुठनं घेतलेस?"

"मूळचाच घातला सर, तिन्हींना," मी छाती काढून सांगितलं. "एक अक्षर इकडचं तिकडं नाय."

मोखाड्याच्या तहसीलात मी लोकांसाठी सातबाराच्या नकला काढत वर्षं घालवलेली. तिथं नकलेवर नंबर वेगळा पडला की कागद तोंडावर परत. इथं मशीन आपणहून प्रत्येकीला वेगळा नंबर देत होती. मला वाटलं चुकतेय. मी हातानं सुधारली.

सर खुर्चीत बसले. "एका नंबरची एकच राहते आत. बंद कर तिन्ही. वेगळे नंबर घाल."

मी घाईनं टाइप करायला लागलो. दोनदा हुकूम चुकला. तेव्हा ती अर्जवाली शेजारी येऊन बसली. "दादा, मी अक्षरं वाचते, तुम्ही फक्त दाबा."

ती वाचत गेली, मी दाबत गेलो. पावणेबाराला चौघी आत. बाराला पडदे आपोआप बंद झाले, तेव्हा तिचे सहा प्रश्न राहिले होते.

निकालाला आठ दिवस लागले. तेवढे दिवस मी एक विनोद केला नाय, तर सरांनी विचारलं, ताप आलाय का. काठावर पास झाली ती. मला कळलं तेव्हा मी क्लासाच्या पायरीवरच बसलो.