कोल्हापुरी चपलेत मोजा

“मग खोक्यावर छापू की, ‘मोजे घालून वापरा’. हाय काय त्यात?” आण्णा म्हणाले, आणि आमच्या मॅडमना चहाचा ठसका लागला.

मला हसू आलं नाही, संताप आला. आण्णांच्या कारखान्यात बनतं ते कोल्हापुरी चपलेला लावायचं लोशन. अंगठ्याची चप्पल! तिच्यात मोजा घालून पाय सरकवणारा माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही.

पण सगळा राग आण्णांवर काढायची सोय नव्हती. मूळ घोळ माझाच होता.

आमचं ऑफिस शाहूपुरीत. काम एक्स्पोजर मॉडेलिंगचं. नुसतं मॉडेलिंग म्हटलं की सासरे माझ्या पोटाकडे बघून गप्प बसतात, म्हणून सांगतो. साबण, फिनेल, केसांचा रंग अशा रोजच्या वस्तूंतलं रसायन माणसाच्या अंगात किती जातं, याचा अंदाज आम्ही कॉम्प्युटरवर बांधतो. वस्तूत रसायन किती, ती कातडीला कुठं आणि किती वेळ लागते, त्यातलं आत किती मुरतं, माणसाचं वजन किती. एवढं भरलं की सॉफ्टवेअर आकडा देतं. तो सुरक्षित मर्यादेच्या खाली असला की रिपोर्टवर सही.

आण्णांच्या लोशनमध्ये तपकिरी रंग होता आणि तो चामड्यात नीट मुरावा म्हणून त्याला विरघळवणारं एक सॉल्व्हंट होतं. चामडं काय आणि आपली कातडी काय, त्या सॉल्व्हंटला फरक कळत नाही.

सॉफ्टवेअर परदेशी. त्याच्या यादीत चप्पल हा प्रकारच नाही. मी ‘शू पॉलिश’ निवडलं. आता शू पॉलिश लावताना फक्त बोटांना लागतं, आणि बूट घातला की मध्ये मोजा असतो. म्हणून तळपायाचा संपर्क शून्य. हे सॉफ्टवेअर आपलं आपण गृहीत धरतं. याला डिफॉल्ट म्हणतात: आपण तोंड उघडलं नाही तर ते आपल्या वतीनं बोलतं. मी तोंड उघडलं नाही. आकडा छान आला. सही ठोकली. त्या वेळी टेबलाखाली माझ्या स्वतःच्या पायांत काय होतं, हे वेगळं सांगायला नको.

आण्णांनी खूश होऊन एक बाटली भेट दिली. फुकटचं ते पौष्टिक समजून मी रविवारी चपला चोपडल्या, वाळवल्या आणि भर उन्हात रंकाळ्याला चक्कर मारून आलो. चपला दारात काढल्या. पाणी प्यायला आत गेलो तेवढ्यात बायको ओरडली.

“अहो! आत्ता फरशी पुसून उठलोय मी! गौरी आणाय निघालाय व्हय?”

मागं वळून पाहिलं. दारापासून फ्रीजपर्यंत तपकिरी पावलं उमटली होती. टाच, चवडा, पाचही बोटं. घामानं भिजलेल्या तळव्यानं लोशन उचललं होतं. रंग आला होता म्हणजे सॉल्व्हंटही आलं असणार. आणि माझ्या रिपोर्टात तळपाय शून्य!

सोमवारी गणित नव्यानं मांडलं. पूर्ण तळवा, दिवसभर, घामासकट. मोठ्या माणसाचा आकडा मर्यादेच्या वर गेला. लहान मुलाचा तर बघवेना, कारण वजन कमी. आणि आण्णा सणाच्या तोंडावर मुलांच्या चपलांबरोबर या लोशनची पुडी फुकट वाटणार होते. पुड्या भरून तयार होत्या.

मॅडमनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, “पाटील, घरी चपला दारात काढता, तशी ऑफिसात येताना अक्कलपण काढून ठेवता का?”

आण्णांना बोलावणं धाडलं.

“तुम्हीच सही केलासा की! आता न्हाय म्हणतासा? आकडा हाय का हवामान?”

“बुटात मोजा असतो, ते गणित मी चपलेला लावलं, आण्णा. चूक माझी. रिपोर्ट मागं घेतोय.”

त्यावर आला तो मोज्याचा तोडगा.

मी तडक खाली गेलो, समोरच्या दुकानातून मोज्यांचा जोड आणला आणि आण्णांच्या पुढ्यात ठेवला. “घाला. वर चप्पल घाला. आणि चालून दाखवा.”

आण्णाही हट्टी. मोजा चढवला, अंगठा अंगठ्यात घुसवायला लागले. जाईना. एका पायावर उड्या मारत टेबल धरलं.

“अंगठ्याला वेगळं बोट असलेला मोजा काढाय लावू,” ते धापा टाकत म्हणाले.

“तो कोण घालणार? तुमची नात?” माझा आवाज चढला. “तिच्या चपलेला लावलंय काय हे लोशन?”

आण्णा खुर्चीत बसले. मोजा काढला.

“पयल्या बाटलीतलं तिच्याच चपलेला लावलंवतं,” ते म्हणाले. “दिवसभर काढत न्हाय ती पायातनं.”

तिथूनच फोन लावून त्यांनी पुड्या थांबवल्या. सॉल्व्हंट बदलतो, असंही म्हणाले. मी मनातल्या मनात स्वतःला हार घालून घेतला.

लोशन बाजारात आलं. सॉल्व्हंट तेच. दुसऱ्या एका सल्लागारानं पास केलं होतं. त्याच सॉफ्टवेअरवर, त्याच ‘शू पॉलिश’खाली. आम्ही त्याला लेखी कळवलं. त्यानं उलट कळवलं की आपण प्रमाणित डिफॉल्ट वापरलेत. आण्णांना फोन केला तर म्हणाले, “पोरांचं बंद केलं न्हवं? मोठी माणसं बघतील त्यांचं ती.”

मी आता सॉफ्टवेअर उघडण्याआधी टेबलाखाली वाकून बघतो. एवढं शिकलो.

परवा दुकानात ते खोकं हातात घेतलं. मागच्या बाजूला, चष्मा लावूनही दिसणार नाही अशा अक्षरांत छापलंय: ‘मोजे घालून वापरावे.’ पुढच्या बाजूला मोठा रंगीत फोटो. झळझळीत कोल्हापुरी चप्पल, आणि तिच्यात उघडा पाय.